दुखणं चार बोटं वर

कंबर आणि किडनी यांच्यामधलं अंतर माणसाच्या पाठीवर फार तर चार बोटं भरेल. पण शिमग्याच्या त्या आठवड्यात आप्पा कोलग्यांची सगळी इज्जत त्या चार बोटांत अडकली होती. दुखणं चार बोटं खाली असेल तर ते म्हातारे झाले होते, आणि चार बोटं वर असेल तर नुसते आजारी होते. आणि आजारी ठरण्यासाठी आप्पा वाटेल ते सोसायला तयार होते.

याचं मूळ नियम क्रमांक सातमध्ये होतं. अलोऱ्यापासून दोन मैलांवरच्या त्यांच्या वाडीत ग्रामदेवतेची, म्हणजे आईची पालखी येते, तेव्हा सहाणेवरून, म्हणजे ती टेकवायच्या चौथऱ्यावरून, उचलताना पुढच्या दांडीला पहिला खांदा कोलग्यांच्या थोरल्या घराचा. थोरलं घर म्हणजे आता आप्पा, वय वर्षं सदुसष्ट. गेल्या शिमग्याला खालच्या आवाठातल्या, म्हणजे खालच्या वस्तीतल्या, दोघांत खांद्यावरून बाचाबाची झाली आणि पालखी अर्धा तास उन्हात तिष्ठत राहिली, म्हणून ग्रामस्थ मंडळानं मानाचे नियम लेखी करायचं ठरवलं. मंडळाचा कारभार मुंबईतून चालतो. नियम करणारे मुंबईत राहतात आणि पाळणारे वाडीत, अशी साधारण व्यवस्था आहे. मसुदा मात्र आप्पांकडे आला, कारण पोफळीच्या वीजघराच्या स्टोअरमध्ये तेहतीस वर्षं काढलेला आणि ऱ्हस्व-दीर्घ न चुकवणारा वाडीत तो एकच माणूस होता.

सातवा नियम तर आप्पांना स्वतःलाच इतका आवडला होता की त्यांनी तो बायकोला, हौसाबाईंना, दोनदा वाचून दाखवला होता. "मानकरी वयोमानाने असमर्थ झाल्यास खांद्याचा मान कायमस्वरूपी पुढील भावाकडे जाईल. मात्र आजारपणामुळे अनुपस्थित राहिल्यास मान अबाधित राहील. सोबत डॉक्टरांचा दाखला जोडणे."

हौसाबाई तेव्हा तांदूळ निवडत होत्या. "झ्याक हाय," एवढंच त्या म्हणाल्या होत्या. स्वतः खणलेला खड्डा नेमका आपल्याच मापाचा निघावा, हे त्या दोघांनाही तेव्हा कळायचं कारण नव्हतं.

पालखी रविवारी यायची होती. आदल्या सोमवारी सकाळी माजघरातल्या ट्रंकेच्या बुडाला वाळवी लागलेली दिसली. ट्रंकेत आप्पांचे पस्तीस वर्षांचे दिवाळी अंक. त्यांचा जीव कासावीस झाला आणि त्यांनी ट्रंक एकट्यानं उचलून पडवीत आणली. ती ठेवून सरळ होताना पाठीत अशी कळ आली की ते अर्धवट वाकलेले, ट्रंकेला नमस्कार घालत असल्यासारखे तिथेच राहिले.

आता एवढ्यावरून कुणालाही काय ते कळलं असतं. पण पुस्तकांना वजन असतं, हे आप्पांनी उभ्या आयुष्यात मान्य केलं नव्हतं. वजन सिमेंटच्या गोणीला असतं, वीजघरातल्या व्हॉल्व्हला असतं. साहित्य उचलून कुणाची पाठ गेल्याचं त्यांनी कुठे वाचलं नव्हतं. तेव्हा पाठीचं कारण दुसरंच काहीतरी असणार, असं त्यांनी वाकलेल्या अवस्थेतच ठरवून टाकलं.

पहिला समाचाराला आला तो चुलतभाऊ दादू. नियम सातमधला 'पुढील भाऊ' तो हाच. अठ्ठावन्न वर्षांचा, अंगानं जुन्या फणसासारखा, आणि अकरा वर्षं आप्पांच्या मागच्या खांद्यावर उभं राहून त्यांच्या मानेकडे बघत आलेला.

"काय झाला, आप्पा?" तो अंगणातूनच ओरडला.

"काही नाही. जरा पाठीत धरलंय."

"पाठीत? बगू." परवानगी वगैरे न मागता दादूनं त्यांचा सदरा वर केला आणि नारळाचा कोंब तपासावा तसा अंगठा दाबला. आप्पा कळवळले. "ही बगा, कंबर! कंबर गेली तुमची. आता वय झाला, आप्पा. लाजायचा काय त्यात?"

एखाद्याची कंबर गेल्याची बातमी इतक्या आपुलकीनं देता येते, हे आप्पांना नवीन होतं. जाताना दादू तेलाची बाटली ठेवून गेला आणि जाता जाता पायरीवर थांबून उगाचच उजवा खांदा दोनदा गोल फिरवून गेला.

त्यानंतर आला शेजारच्या मोहल्ल्यातला नासिर. हा बावीस वर्षं कुवेतला काढून परत आलेला. आता एक व्हॅन बाळगून होता आणि अडल्यानडल्याला चिपळूणला नेऊन सोडायचा.

"आप्पा, कंबर कंबर करून बसू नका," तो म्हणाला. "आमच्या कंपनीत एक फोरमन होता. सहा महिने पाठीला बाम चोळत होता. शेवटी निघाली किडनी!"

आप्पांच्या डोळ्यांत आशा चमकली. "मग?"

"मग काय, एक काढली."

"कोणती?" आप्पांना तपशील अर्धवट राहिलेला चालत नसे.

"दुखणारीच काढली असणार ना, आप्पा! न दुखणारी कशाला काढतील?"

किडनी हा शब्द त्या पडवीत पडला आणि आप्पांचा दिवस पालटला. ते मोबाईल घेऊन बसले. वाचून त्यांना कळलं ते असं: कंबरेचं दुखणं खालच्या अंगाला असतं, वाकलं, उठलं की वाढतं, पडून राहिलं की निवतं, कधी मांडीत उतरतं. किडनीला संसर्ग झाला तर दुखतं ते बरगड्यांच्या खाली, कुशीकडे. बसा, झोपा, उताणे व्हा, त्याला फरक पडत नाही. सोबत हुडहुडी भरून ताप, मळमळ, आणि लघवीला जळजळ. यातला शेवटचा शब्द आप्पांनी मनातल्या मनातसुद्धा हळू वाचला. हा शब्द ते चारचौघांत काय, एकांतातही वापरत नसत. 'तिकडचं' म्हणत.

मग त्यांनी स्टोअरच्या सवयीनं एक वही घातली. तारीख, वेळ, दुखण्याची जागा, प्रकार, शेरा, असे रकाने आखले. पहिल्याच रकान्यात गाडी अडली. जागा नेमकी कुठली? स्वतःची पाठ माणसाला दिसत नाही, ही देवाच्या कामातली एक ढोबळ चूक आहे. आरशाकडे पाठ करून मान वळवावी, तर मानेत कळ. शेवटी त्यांनी हौसाबाईंना हाक मारली.

"हौसा, इथे बघ गो. दुखतंय ते बरगडीपासून किती बोटं आहे?"

हौसाबाई आल्या. त्या भिंतीला हात धरत आल्या, हे आप्पांना पाठमोरं असल्यामुळे दिसलं नाही. "आठ बोटा असतील."

"आठ? चार म्हण. तुझी बोटं बारीक आहेत."

"बरां, चार," त्या म्हणाल्या आणि तिथेच जोत्यावर टेकल्या. "माझी बी कूस जरा..."

"थांब, आकडा लिहून घेतो," आप्पा म्हणाले.

मंगळवारचा दिवस ताप मोजण्यात गेला. आप्पांचा ताप अठ्ठ्याण्णवच्या पुढे जाईना. दुपारी उन्हात बसून बघितलं, गरम चहानंतर बघितलं. पारा हटवादीपणे तिथेच. यंत्रात दोष आहे का, हे पाहायची स्टोअरची एक रीत असते. दुसऱ्या ठिकाणी लावून बघायचं. त्यांनी थर्मामीटर हौसाबाईंच्या काखेत दिला. एकशे दोन!

"बघ!" आप्पा विजयानं म्हणाले. "धडधाकट माणसाला एकशे दोन दाखवतोय! साफ बिघडलाय." आणि त्यांनी वहीत शेरा मारला.

हौसाबाईंनी काही म्हणायला तोंड उघडलं होतं. पण तेवढ्यात मुंबईहून फोन आला.

हर्षद हा मंडळाचा सेक्रेटरी. भांडुपला राहतो, वाडीत वर्षातून दोनदा येतो आणि आला की अधिकृत वाटावं म्हणून चपलेऐवजी बूट घालतो. "काका, दादूकाका सांगत होते तुमची कंबर गेली. मग मान ट्रान्सफर करून टाकू का? बोर्डावर नाव घालायचंय."

"कंबर नाही!" आप्पांचा आवाज कधी नव्हे तो चढला. "किडनी आहे. किडनीचा संशय आहे."

"अरे बाप रे! मग नियम सातप्रमाणे दाखला लागेल, काका. शनिवारी संध्याकाळपर्यंत. अवयवाचं नाव स्पष्ट पाहिजे. 'पाठदुखी' असं मोघम चालणार नाही."

"माहीत आहे मला," आप्पा म्हणाले. "नियम मीच लिहिलाय."

पाच मिनिटांत वाडीच्या ग्रुपवर संदेश फिरला: 'आप्पाकाकांच्या किडनीला आई यश देवो.' त्याखाली त्रेचाळीस जणांनी हात जोडले. संध्याकाळी वाडीत एक जण त्यांना हळूच विचारून गेला की डावी का उजवी. आप्पांना लाजेनं मेल्यासारखं झालं. पण त्यातल्या त्यात बरं हे की कंबरेचं कुणी विचारलं नाही.

बुधवारी ते नासिरच्या व्हॅनमधून चिपळूणला गेले. डॉक्टरांच्या तपासणीशिवाय दाखला नाही, आणि डॉक्टर म्हणजे शमिका नावाची तिशीतली मुलगी. तिनं उघड्या दारातून, बाहेर बाकावर बसलेल्या अकरा माणसांच्या साक्षीनं विचारलं, "आजोबा, लघवीला जळजळ होते का?"

आप्पांनी छताकडे बघितलं. "तिकडचं तसं... म्हणजे... निश्चित सांगता येणार नाही."

"होते की नाही?"

"आपण तपासूनच घेऊ," आप्पा घाईनं म्हणाले. तिनं चिठ्ठी लिहून लॅबमध्ये पाठवलं.

लॅबमध्ये समोर बसली होती सानिका. ही शाळेत असताना आप्पांकडे गोष्टीची पुस्तकं न्यायला यायची. तिला त्यांनी एकदा निबंधात करुणरस म्हणजे काय ते समजावलं होतं. त्याच मुलीनं आता प्लास्टिकची छोटी बाटली पुढे केली आणि उजवीकडचं दार दाखवलं. दार आणि तिची खुर्ची यांत सहा फूट अंतर. आप्पा आत गेले. नळ सोडला, बंद केला, पुन्हा सोडला. धरणातून पाणी कसं सुटतं, बोगद्यातून कसं धावतं, पोफळीला येऊन कसं कोसळतं, हे सगळं मनासमोर आणून बघितलं. बाहेर कुणीतरी दार ठोठावलं. त्यासरशी होतं नव्हतं तेही आटलं. वीस मिनिटांनी ते रिकामी बाटली खिशात घालून बाहेर आले.

"राहू दे, आजोबा," सानिका समजुतीनं म्हणाली. "घरून आणा. सकाळची पहिली. नाव तेवढं लिहा वर."

ही सहानुभूती त्यांना फार लागली. परतीच्या वाटेवर ते नासिरशी एक अक्षर बोलले नाहीत. नासिर मात्र फोरमनच्या दुसऱ्या किडनीबद्दल बोलत होता.

गुरुवारी पहाटे आप्पांनी कामगिरी फत्ते केली. बाटलीवर सुवाच्य अक्षरांत नाव लिहिलं आणि ती वर्तमानपत्रात गुंडाळून मोरीच्या कठड्यावर ठेवली. हौसाबाई त्या सकाळी मोरीतून तीनदा आत-बाहेर झाल्या. आप्पांना वाटलं, भांडी असतील. सात वाजता नासिर चिपळूणला जाताना बाटली घेऊन गेला.

शुक्रवारी दुपारी रिपोर्ट आप्पांच्या मोबाईलवर आला. पडवीत तेव्हा दादू होता. कंबरेला तेल लावलं का, हे विचारायला तो रोज येत असे. नासिर तर होताच. त्यानं चष्मा वर करून मोठ्यानं वाचलं. "पस सेल्स, प्लेन्टी. बॅक्टेरिया, प्लेन्टी. सगळं प्लेन्टीच आहे, आप्पा! जबरदस्त इन्फेक्शन!"

आप्पा उभे राहिले. पाठीत कळ आली तरी उभे राहिले. "बघितलंस, दादू?"

दादूचा चेहरा पडला होता. तो मोबाईलमध्ये डोकावून बघत होता. इंग्रजी येत नसलं तरी काहीतरी चूक सापडेल अशी त्याला आशा असावी. "म्हंजे कंबर नाय?"

"कंबर कशी असेल? विज्ञान आहे हे!" आप्पांनी हर्षदला फोन लावला आणि संसर्गाची बातमी अशी दिली, जसा कुणी मुलाला नोकरी लागल्याची देतो.

हौसाबाई दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होत्या. फाल्गुनाच्या भर दुपारी त्यांनी अंगावर स्वेटर घातला होता. "वाईट निघाला काय?" त्यांनी विचारलं.

"वाईट नाही, चांगलं निघालं!"

"तसां न्हवं. त्याच्यावर औषध काय देतात?"

"गोळ्या देतील," नासिर म्हणाला. "स्ट्राँग."

"घरी आणायच्या ना गोळ्या? का तितंच खायाच्या?"

बायकोची ही काळजी बघून आप्पांना भरून आलं. चाळीस वर्षांत तिनं कधी एवढी चौकशी केली नव्हती. "घरी आणणार," ते प्रेमानं म्हणाले. "तू नको चिंता करू." आणि चहा सांगितला. चहा आला नाही. थोड्या वेळानं आतून ओकारीचा आवाज आला. तेव्हा दादू म्हणाला, "वहिनीला पित्त झाला वाटता," आणि विषय पुन्हा किडनीवर गेला.

शनिवारी सकाळी आप्पा इस्त्रीचा सदरा घालून, रिपोर्टची छापील प्रत आणि वही काखेत धरून डॉक्टर शमिकासमोर बसले. नासिर मागे उभा. संध्याकाळपर्यंत दाखला मुंबईला पोचायचा होता.

तिनं रिपोर्ट वाचला आणि ती गंभीर झाली. मग ताप बघितला. सत्त्याण्णव पूर्णांक काहीतरी. बरगडीखाली दोन्ही कुशींवर मुठीनं हलकेच ठोकलं. "दुखतं?"

"थोडं," आप्पा आशेनं म्हणाले.

"तुम्ही दुखायच्या आधीच म्हणालात, आजोबा. आता वाका बघू पुढे." आप्पा वाकले आणि असे ओरडले की बाहेरच्या बाकावरचं एक मूल रडायला लागलं. "काही वजन उचललं होतं?"

"नाही. छे. फक्त दिवाळी अंक."

"किती?"

"पस्तीस वर्षांचे," मागून नासिर म्हणाला. "ट्रंकेसकट."

डॉक्टरनं वाकलेल्या आप्पांना खुर्चीत बसवलं. तिनं लॅबला फोन लावला. सानिकाचा आवाज सगळ्यांना ऐकू आला: बाटलीवर आजोबांचंच अक्षर होतं, आमच्याकडे अदलाबदल झालेली नाही. "मग हा माणूस आणि हा रिपोर्ट एकमेकांचे नाहीत," डॉक्टर म्हणाली. "आजोबा, तुम्हाला कंबरदुखी आहे. आठ दिवसांत बरी होईल. पण हा रिपोर्ट ज्याचा आहे, तो माणूस खरंच आजारी आहे. घरी कोणाला ताप आहे?"

"नाही," आप्पा लगेच म्हणाले. कंबर हा शब्द त्यांच्या डोक्यात घणासारखा वाजत होता. दुसरं काही आत शिरत नव्हतं. "ही माझी वही बघा. सगळ्या नोंदी आहेत. तुम्हाला पटेल."

तिनं वही घेतली आणि वाचायला लागली. आधी मनात, मग मोठ्यानं.

"सोमवार रात्र. हौसा चार वेळा मोरीत गेली, कडी वाजली, त्यामुळे झोपमोड. मंगळवार. थर्मामीटर नादुरुस्त, हौसाला १०२ दाखवतो. बुधवार पहाट. हौसा कुडकुडत होती, दोन्ही गोधड्या तिने घेतल्या. कमरेखाली घ्यायला गोधडी उरली नाही. गुरुवार. कुशीला शेक द्यायची पिशवी हौसाकडे होती, मला मिळाली नाही. शुक्रवार. जेवण खारट. हौसा जेवली नाही, चहाही..."

ती वाचायची थांबली. 

"हौसा कोण?"

आप्पांनी तोंड उघडलं. ओळी त्यांच्याच होत्या, अक्षर त्यांचंच होतं, ऱ्हस्व-दीर्घ सगळं बिनचूक. इतकं वाचणारा माणूस, पण स्वतःचं लिहिलेलं त्यांनी आत्ता पहिल्यांदा ऐकलं. "मंडळी," ते म्हणाले, आणि उठलेच. वही टेबलावरच राहिली.

"लगेच घेऊन या," डॉक्टर मागून ओरडली. "आज! उद्यावर टाकू नका, या वयात हे रक्तात उतरतं!"

व्हॅन कधी नव्हे ती पळाली. तरी आप्पा दर वळणावर "जरा जोरात" म्हणत होते, आणि दर खड्ड्याला कंबर धरत होते. नासिर फोरमनबद्दल काही बोलला नाही. त्यानं घरी फोन लावून बायकोला, फरीदाला, पुढे जायला सांगितलं. ते पोचले तेव्हा फरीदा हौसाबाईंना पडवीत धरून बसली होती. हौसाबाईंचे ओठ सुकले होते, दात वाजत होते, आणि त्या स्थितीतही त्या उठायला बघत होत्या.

"उद्या पालखी हाय. सारवण ऱ्हायलंय. मी कुठं जातंय आता?"

"हौसा, बाटली..." आप्पांच्या तोंडून एवढंच आलं.

हौसाबाईंनी फरीदाकडे, मग नासिरकडे बघितलं आणि पदर तोंडावर ओढला. पदराआडूनच त्या पुटपुटल्या, "तुमची ओतली माडाच्या मुळात. माझी घातली. बाईमाणसानं असला काय सांगायचा कुणाला? तुमची बाटली जातच होती. म्हटला, औषध येल ता दोघांनी वाटून घेऊ."

आप्पा खाली जोत्यावर बसले. ऐन घाईत, व्हॅन चालू असताना बसले. मग फरीदा त्यांच्यावर ओरडली, "आप्पा, काकीचा हात धरा, बसताय काय!" आणि ते उठले.

दुपारी हौसाबाईंना चिपळूणच्या दवाखान्यात सलाईन लागलं. उजव्या किडनीला संसर्ग, डॉक्टर म्हणाली. आणखी दोन दिवस काढले असते तर कठीण होतं. आता इंजेक्शनांनी उतरेल, पण रात्र जाऊ द्या. आप्पा बायकांच्या वॉर्डाच्या दारात फेऱ्या मारत राहिले. आत जायला संकोच वाटे आणि बाहेर थांबवत नसे. नर्सनं विचारलं, "पेशंटला ताप कधीपासून?" तर ते गप्प. "उलट्या किती झाल्या?" गप्प. स्वतःच्या दुखण्याचं मिनिट सांगणारा माणूस बायकोच्या आजाराचा वार सांगू शकला नाही. शेवटी नासिर व्हॅनमधून जाऊन डॉक्टरांच्या टेबलावरची वही घेऊन आला, आणि त्या वहीवरून नर्सनं केसपेपर भरला.

सहा वाजता हर्षदचा फोन आला. "काका, दाखला आला नाही. वेळ संपतेय."

"दाखला येणार नाही," आप्पा म्हणाले.

"काकींचं कळलं, काका. काय करूया? पेशंटचे नातेवाईक म्हणून काहीतरी बसवतो नियमात."

"बसत नाही. मीच लिहिलाय तो, त्यात बायकोला जागा ठेवलेली नाही." वॉर्डाच्या दारातून त्यांना हौसाबाईंचा सलाईनचा हात दिसत होता. "वयोमानाने असमर्थ, असं लिही. दादूचं नाव घाल बोर्डावर. कायमचं." आणि फोन बंद करून ते आत गेले. बायकांच्या वॉर्डात, दहा खाटांमधून, मान खाली न घालता.

रविवारी पालखी आली आणि गेली. नासिर सांगत होता की सहाणेवर ढोल असा वाजला की अलोऱ्यापर्यंत ऐकू गेला. सोमवारी दादू समाचाराला आला. नारळाचा प्रसाद त्यानं हौसाबाईंच्या उशाशी ठेवला आणि बराच वेळ उभाच राहिला.

"बस की," आप्पा म्हणाले.

"नको. उभाच बरा हाय." त्यानं इकडेतिकडे बघून आवाज उतरवला. "आप्पा, पुढची दांडी एवढी जड आसता ता तुमी कधी बोललात नाय."

आप्पांना हसू येणार होतं. पण दादूच्या डोळ्यांत अकरा वर्षं वाट बघून मिळालेल्या गोष्टीचा खरा आनंद होता आणि खऱ्या वेदनाही होत्या. आप्पांनी त्याला खुर्ची दिली नाही. भिंतीला टेकून कसं उभं राहायचं ते दाखवलं.

मंगळवारी हौसाबाईंचा ताप उतरला. त्यांनी पेज मागितली, ती पचली, आणि दुपारी त्या उशीला टेकून बसल्या. आप्पा स्टुलावर. 

"इतकं होत होतं तर बोलली का नाहीस गो?" आप्पांनी शेवटी विचारलं. चार दिवस हा प्रश्न त्यांना आतून कुरतडत होता, आणि उत्तराची भीतीही वाटत होती. "मला सांगायचं होतंस."

"सांगणार व्हते," हौसाबाई शांतपणे म्हणाल्या. "तुमी बोलायचं थांबलात की सांगू म्हटला."

पलीकडच्या खाटेवरची बाई फस्सकन हसली. आप्पांचे कान तापले. एरवी ते उठून बाहेर गेले असते. त्यांनी स्टूल उचलून खाटेच्या आणखी जवळ घेतलं.

"आता थांबलो," ते म्हणाले. "सांग."

"आता काय सांगायचा? बरी झाले."

"दुसरं काही दुखतं का?"

हौसाबाईंनी त्यांच्याकडे नीट बघितलं. थट्टा नाही अशी खात्री पटल्यावर त्यांनी पदर सारखा केला आणि डोक्यापासून सुरुवात केली. डावा कान वाजतो, तो पोफळीला वीजघराच्या कॉलनीत असताना पाण्याच्या पंपाशेजारच्या खोलीत राहिल्यापासून. अक्कलदाढ आहे, ती हेदवीच्या भावाच्या लग्नात सुजली होती आणि अजून थंड लागत नाही. उजवा खांदा हंडे वाहून गेला तो गेलाच. छातीत कधी धडधडतं, पण ते माणसं जेवायला असली म्हणजे. आप्पा ऐकत राहिले. मधेच त्यांचा हात सवयीनं खिशातल्या पेनाकडे गेला आणि परत आला. चार वाजले, साडेचार वाजले. चहावाला येऊन गेला. हौसाबाई बोटांच्या सांध्यांवरून पाठीला आल्या, पाठीवरून एका बाळंतपणाच्या आठवणीला, आणि मग पुढे.

नर्स दारात येऊन म्हणाली, "आजोबा, भेटायची वेळ संपली. चला बाहेर."

"थांबा जरा, सिस्टर," आप्पा मान न वळवता म्हणाले. "आत्ताशी गुडघ्यापर्यंत आलीय."